वाजणारं की बोलणारं

हुबळीच्या बाजारात कापड घ्यायला गेलं की दुकानदार ठरलेले प्रश्न विचारतात. घरात कार्य आहे का, अस्तराचं देऊ का, अजून काही दाखवू का. म्हैसाळकरांच्या दुकानात मात्र कापड मापून, फाडून, घडी घालून झालं की बाबूअण्णा गादीवरून जरा पुढं वाकायचे आणि हळूच विचारायचे, "वाजणारं देऊ की बोलणारं?"

नवख्या माणसाला काही कळायचं नाही. मलाही कळलं नव्हतं. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. लॅमिंग्टन रोडवरच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला नुकतीच लागले होते. गाव नवीन, भाषा नवीन. भाड्याच्या खोलीला पडदे हवेत म्हणून मराठी पाटी बघून त्या दुकानात शिरले. प्रश्न ऐकून मी गोंधळले आणि काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले, "बोलणारं."

अण्णांनी मागच्या फळीवरून एक चौकोनी, कडा झिजलेलं पुठ्ठ्याचं पाकीट काढलं आणि पडद्याच्या कापडाबरोबर माझ्या पिशवीत घातलं. पाकिटावर एक टकला, कोटातला परदेशी माणूस मायक्रोफोनसमोर उभा होता आणि त्याच्याकडं बघून कुणीही त्याला दोन घास वाढले असते, इतका तो बापुडवाणा दिसत होता.

"हे काय?"

"रेकॉर्ड आहे की. घेऊन जावा. ऐका आणि परत आणून द्या. कापड आम्ही परत घेत नाही, हे तेवढं घेतो."

"पण माझ्याकडं वाजवायला काही नाही."

"मग रविवारी घरला या. वरच आहे," असं म्हणून त्यांनी छताकडं बोट दाखवलं. "मुलींच्या शाळेत नवीन आलेल्या इंग्रजीच्या बाई तुम्हीच ना? मग यायलाच पाहिजे."

मी गेले. आणि पुढची कितीतरी वर्षं जात राहिले.

म्हैसाळकर मूळचे मिरजेकडचे. अण्णांच्या आजोबांनी हुबळीत येऊन कापडाचं दुकान टाकलं. आता ते अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ नाना असे दोघं चालवत. नाना हिशेबी, ताठ, कडक इस्त्रीतले. अण्णा बुटके, गोल, धोतर-शर्ट आणि काळी टोपी घालणारे. गिऱ्हाइकाशी अर्धं कानडीत, अर्धं मराठीत बोलायचे आणि आपण कधी इकडून तिकडं गेलो हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात यायचं नाही. इंग्रजी म्हणाल तर शर्टिंग, सूटिंग, फिक्स्ड रेट, एवढंच.

अशा माणसाच्या घरात जाझच्या आणि इंग्रजी विनोदवीरांच्या रेकॉर्डी आल्या त्या एका गैरसमजातून. रेल्वे कॉलनीतले कुणी अँग्लो-इंडियन साहेब कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा त्यांच्या सामानाचा लिलाव झाला होता. अण्णा तिथं साड्या ठेवायला कपाट बघायला गेले. सागवानी, बुटकं, पितळी मुठींचं एक कपाट त्यांना आवडलं. हमालांनी ते घरी आणून ठेवलं आणि अण्णांनी वरचं झाकण उघडलं, तर आत गोल तबकडी आणि काटा. ते कपाट नव्हतं, रेडिओग्राम होता. त्याच्याबरोबर दोन खोकी भरून रेकॉर्डी, कुणीच घेतल्या नाहीत म्हणून, हमालांनी तशाच आणून टाकल्या होत्या.

"एवढं जपून ठेवलं होतं त्या माणसानं," अण्णा सांगायचे. "कागदात गुंडाळून. आणि जाताना एकसुद्धा नेता आली नाही त्याला. कुणीतरी ऐकायला नको का?"

त्या खोक्यांमध्ये गाजलेलं कुणी नव्हतं. साहेबांची आवडच तशी असावी. ज्यांची नावं मी कुठंही वाचली नव्हती असे क्लॅरिनेटवाले, ट्रॉम्बोनवाले, पियानोवाले. आणि एकटं उभं राहून लोकांना हसवणारे, एखाददुसरी रेकॉर्ड काढून कुठंतरी विरून गेलेले विनोदवीर. अण्णांनी त्यांची सरळ दोन घरं केली. वाजणारे आणि बोलणारे. नावं त्यांना वाचता यायची नाहीत, म्हणून पाकिटावरून ओळख. निळ्या टोपीवाला, खुर्चीत झोपलेला, दात पुढं असलेला. एकदा एका डॉक्टरांनी मुंबईहून फार नावाजलेल्या वादकाची कोरी रेकॉर्ड अण्णांना भेट म्हणून आणली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी घेतली, नमस्कार केला, एकदा ऐकली आणि महिन्याभरात डॉक्टरांना परत दिली. म्हणाले, "भाळ छलो, फार छान आहे. पण ह्याला घर आहे की हो सगळीकडं. माझ्याकडं कशाला राहील हा?"

कुणाला काय द्यायचं हे ते कापड दाखवता दाखवता ठरवत. धारवाडला मळमड्डीत एक निवृत्त मामलेदार राहायचे. सरकारवर, सुनेवर, दूधवाल्यावर सदा चिडलेले. त्यांना अण्णांनी ट्रॉम्बोनची एक रेकॉर्ड दिली. त्यात तो वादक सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुरकुरल्यासारखंच वाजवतो. दिवस गेले, रेकॉर्ड परत येईना. अण्णा बस धरून धारवाडला गेले आणि हात हलवत परत आले.

"दिली नाही?" मी विचारलं.

"नाही. त्यांचं त्याच्याशी भांडण चाललंय. मिटल्यावर देतो म्हणाले."

रविवारी सकाळी वरच्या खोलीत चारपाच माणसं जमायची. कधी एखादा प्राध्यापक, कधी अळणावरकडून लग्नाचं कापड घ्यायला आलेलं आणि बसची वाट बघत बसलेलं एखादं कुटुंब. सतरंजीवर बसायचं, चहा प्यायचा, ऐकायचं. अण्णा ऐकत ते बघण्यासारखं असे. नजर जमिनीवर, उजवा तळवा जरासा वर, हात दाखवून बस थांबवावी तसा. बोलणारा बोलत राहायचा. मग तो थांबायचा, श्वास घ्यायचा. त्या क्षणी अण्णांचा तळवा खाली यायचा आणि ते खदखदून हसायचे. रेकॉर्डमधले लोक त्यांच्या मागून हसायचे. शब्द एक कळत नसताना हा माणूस इंग्रजांच्या आधी हसत होता.

मी इंग्रजीची बाई. मला राहवेना. एका रविवारी मी म्हटलं, "अण्णा, ह्याचा अर्थ सांगू का तुम्हाला?"

"सांगा की!" ते सरसावून बसले.

ती त्यांची सगळ्यांत आवडती रेकॉर्ड, दात पुढं असलेल्या माणसाची. मी सांगितलं, हा माणूस छत्री दुरुस्त करायला दुकानात जातो. पण दुकानाचं छप्परच गळत असतं. म्हणून दुकानदार त्याचीच छत्री उघडून तिच्याखाली बसतो आणि म्हणतो, पाऊस थांबला की देतो.

अण्णा गंभीर झाले. "एवढंच?"

"एवढंच."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "मला वाटत होतं त्याचा बैल पळालाय."

"बैल?"

"हो की. बाजारात सुटलाय, हा मागं पळतोय, लोकांना विचारतोय, बघितला का हो, बघितला का. ते एके ठिकाणी आवाज चढतो बघा त्याचा, तिथं बैल देवळात शिरतो." माझ्याकडं त्यांनी हात जोडले. "बाई, राग मानू नका. ह्याच्या पुढचं सांगू नका मला. माझा बैलच बरा आहे."

तेव्हापासून त्यांनी मला अर्थ विचारला नाही आणि मीही सांगितला नाही.

वाजणाऱ्यांचा त्यांच्यावरचा अंमल वेगळा होता. तिथं ते हसत नसत, नुसते मान खाली घालून बसत. त्यातली एक हकीकत हुसेनसाबची. हा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. बँडच्या नव्या गणवेशाचं लाल कापड घ्यायला आला, तेव्हा अण्णांनी त्याला विचारलंच नाही. "तुला वाजणारं. रविवारी ये."

"नको अण्णा," हुसेनसाब म्हणाला. "लोकांना सिनेमाची गाणी पाहिजे असतात. त्यातच जन्म गेला."

पण आला. दाराशी उकिडवा बसला. निळ्या टोपीवाला क्लॅरिनेट वाजवत होता. आधी सरळ चाल, मग हा गडी चाल सोडून कुठंतरी निघून जातो, लांब, आता काही परत येत नाही असं वाटतं, आणि अवचित दारात उभा. हुसेनसाबनं ती बाजू पुन्हा लावायला सांगितली. मग आणखी एकदा.

पुढं लग्नसराईत लॅमिंग्टन रोडवरून एक वरात चालली होती. मी आणि गोदाक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, भाजी घेऊन येत होतो. अण्णा दुकानाच्या पायरीवर उभे होते. बँड त्या वर्षीचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं वाजवत होता, पोरं नाचत होती. आणि एकाएकी हुसेनसाबनं गाणं सोडलं. क्लॅरिनेट वर गेली, वळली, कुठल्या कुठं भटकायला लागली. ढोलवाले घाबरून नुसता ठेका धरून राहिले. पोरं पाय वर उचललेली तशीच थांबली. घोडासुद्धा थांबला. मुलीचे वडील पुढं येऊन "येनरी इदु, काय हो हे?" म्हणायला लागले. तेवढ्यात नवरदेवाची एक म्हातारी आत्या, सगळ्यांना बाजूला सारून, पदर खोचून, त्या भटकणाऱ्या सुरावर आपल्या मनानं नाचायला लागली. हुसेनसाब तिच्याकडं बघत बघत फिरला आणि बरोबर जिथं सोडलं होतं तिथं गाण्यात परत आला. रस्ताभर शिट्ट्या झाल्या.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "कुठं गेला होतास रे?"

"काही नाही साहेब," हुसेनसाब तोंड पुसत म्हणाला, "जरा बाहेर जाऊन आलो."

अण्णा पायरीवर उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. गोदाक्का म्हणाल्या, "बघा, बाई. आमच्या लग्नात एवढे रडले नव्हते."

गोदाक्का हे असं बोलायच्या. उंच, हडकुळ्या, चेहऱ्यावर हसू दिसायचं नाही. रविवारी रेकॉर्डी चालू असताना त्या कधी खोलीत बसल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांचं काहीतरी निवडणं, चिरणं चालायचं. मधूनच आतून आवाज यायचा, "ह्या मेल्याला घाई झालीय आज," किंवा, "आता थांबेल बघा. थांबला." अण्णांनी सगळ्या गावाला रेकॉर्डी दिल्या, बायकोला मात्र कधी विचारलं नाही. मी एकदा तसं म्हटलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही. "तिला काय विचारायचं? ती घरातच असते की."

अशी वर्षं चालली असती. पण एक प्रसंग असा घडला की सगळं थांबलं.

बाजारातले एक अडते वारले. त्यांचा मुलगा शिवानंद, पंचविशीचा, वडिलांच्या दिवसांसाठी पांढरं कापड घ्यायला दुकानात आला. मीही तिथंच होते. तो बाकावर बसला आणि बसूनच राहिला. कापड दाखवलं तरी बघेना, चहा दिला तरी घेईना. नानांनी मापून बांधून दिलं. अण्णा त्याच्याकडं बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही. मागच्या फळीवरून एक बोलणारं काढलं आणि त्या पांढऱ्या कापडाखाली पिशवीत सरकवलं.

दुसऱ्या दिवशी शिवानंदचे काका दुकानात आले, ते ओरडतच. "बाप गेलाय पोराचा, आणि तू त्याला हसायचं सामान देतोस? लाज नाही वाटत?" रेकॉर्ड त्यांनी गादीवर भिरकावली. पाकीट फाटलं. बाजार गोळा झाला. अण्णांनी हात जोडले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मग त्यांनी वाकून ते फाटलेलं पाकीट उचललं.

गर्दी पांगल्यावर नाना म्हणाले, "अण्णा, पुरे आता. बाजार हसतोय."

"हसू दे की."

"आपल्यावर हसतोय, अण्णा. ते तुमच्या रेकॉर्डमधल्यासारखं नाही." नानांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "माझ्या दोन मुली लग्नाच्या आहेत. उद्या कोण येईल ह्या घरात? नाहीतर मग आपण वेगळं होऊ."

त्या दिवशी अण्णांनी रेडिओग्रामचं झाकण लावलं आणि त्यावर दुकानातल्या जुन्या साड्यांचे गठ्ठे रचले. दुकानात ते कापड फाडायचे, घडी घालायचे आणि पिशवी पुढं करायचे. पुढं वाकायचे नाहीत. नेहमीची गिऱ्हाइकं क्षणभर थांबायची, मग निघून जायची. रविवारी मी सवयीनं वर गेले तर अण्णा वर्तमानपत्र उलटं धरल्यासारखे बसलेले. गोदाक्कांनी उप्पीट दिलं आणि माझ्या शेजारी बसल्या. "एवढं शांत घर मला झेपत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "चुलीचा आवाज ऐकू येतो. कधी आला नव्हता."

त्याच वर्षी गणपतीत ते झालं.

बाजारातल्या मराठी लोकांचा गणपती बसायचा. एका संध्याकाळी बेळगावहून नाटक यायचं होतं. मांडव भरला, माणसं रस्त्यापर्यंत उभी राहिली, आणि निरोप आला की नाटकाची गाडी कित्तूरजवळ बंद पडली. आता हे लोकांना कोण सांगणार? कमिटीतले पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. गोदाक्का बायकांच्या कार्यक्रमाचं बघायच्या. त्या म्हणाल्या, "सांगायचं तर आहे. त्याला काय?" आणि पदर सावरत सरळ मायक्रोफोनपाशी गेल्या.

"नाटकाची गाडी कित्तूरजवळ बंद पडलीय," त्या म्हणाल्या. लोक उठायला लागले. गोदाक्का थांबल्या. श्वास घेतला. "राजा चालत निघालाय म्हणे."

मांडवाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी फसकन हसलं. उठलेली माणसं वळून बघायला लागली.

"बसा हो. कुठं जाणार? आमच्या घरी एक कपाट आहे. साड्या ठेवायला आणलं होतं. आणल्यापासून एक साडी ठेवायला मिळाली नाही. त्यात एक इंग्रज राहतो."

आता बरेच लोक हसले. मी पुढच्या रांगेत बसले होते. चार खुर्च्या सोडून अण्णा बसले होते, मान खाली घालून, आणि त्यांच्या पलीकडं नाना.

"सकाळी मी भाकरी थापते, तो बोलतो. मी काय म्हणते ते त्याला कळत नाही, तो काय म्हणतो ते मला कळत नाही. तरी भांडण नाही. एवढा चांगला संसार आजवर कुणाचा झाला नसेल." मांडव हसला. त्यांनी हसू पुरतं विरू दिलं. "मालकांना विचारलं, काय म्हणतो हो हा? म्हणाले, त्याचा बैल पळालाय. अहो, रोज पळतो! एवढी वर्षं झाली, सापडत कसा नाही? एकदा तर मीच दार उघडून बघितलं. म्हटलं, आपल्याकडं आला असला तर पाणी तरी पाजू."

मांडव कोसळला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. नानांनी उपरणं तोंडात कोंबलं होतं आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते. मी अण्णांकडं बघितलं. त्यांची मान वर आली होती. उजवा तळवा जरासा उचललेला. गोदाक्का थांबल्या की तो खाली यायचा, आणि त्या भरल्या मांडवात सगळ्यांच्या आधी एकच माणूस हसायचा.

मग गोदाक्कांचा आवाज जरा उतरला. "लोक म्हणाले, बाबूअण्णा दुःखातल्या माणसाला हसायला सांगतो. नाही हो. ते हसायला सांगत नाहीत. त्यांना एकटं बसलेलं माणूस बघवत नाही. म्हणून दुसरा एक एकटाच बोलत बसलेला माणूस पिशवीत घालून देतात. सोबतीला."

मांडवात कुणी हललं नाही. खुर्चीसुद्धा वाजली नाही. गोदाक्कांनी ती शांतता तशीच धरून ठेवली, इतका वेळ की मला वाटलं, त्या आता रडणार.

"मला मात्र कधी दिला नाही," त्या म्हणाल्या. "म्हणाले असतील, हिला कशाला? हिला मी आहे ना."

त्या हसण्याचा आवाज रस्त्यापलीकडं गेला असणार. गोदाक्का तशाच गंभीर चेहऱ्यानं खाली उतरल्या. नाटक मागाहून आलं, झालंही. कुठलं होतं, मला आठवत नाही. तिथल्या कुणालाच आठवत नसेल.

दुसऱ्या दिवशी प्रसादाचं पातेलं परत द्यायला मी वर गेले, तर साड्यांचे गठ्ठे जमिनीवर होते आणि रेडिओग्रामचं झाकण उघडं. अण्णा त्याच्यापुढं उभे होते. गोदाक्का आतून हात पुसत आल्या. अण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मी नसते तर बरं असं त्यांना वाटलं असेल, पण थांबायला त्यांना आता वेळ नव्हता.

"गोदा," ते म्हणाले, "तुला कुठलं आवडतं गं? वाजणारं की बोलणारं?"

गोदाक्कांना विचार करावा लागला नाही. "खालच्या खोक्यातलं, पिवळ्या पाकिटाचं. उलटी बाजू. शेवटचं."

अण्णांना ते आठवेना. खोकं रिकामं करून त्यांनी ते शोधलं आणि काटा ठेवला. नुसता पियानो. फार हळू. वाजवणारा एक सूर टाकायचा आणि वाट बघायचा, जणू पलीकडच्या खोलीतून कुणीतरी उत्तर देणार आहे. गोदाक्का खुर्चीवर बसल्या. त्या खोलीत रेकॉर्ड चालू असताना त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"मला वाटलं, बोलणारं म्हणशील," अण्णा म्हणाले. "काल एवढं बोललीस."

"बोलणारे नाही आवडत मला," गोदाक्का डोळे मिटून म्हणाल्या. "फार बोलतात."

अण्णा रेडिओग्रामकडं नाही, त्यांच्याकडं बघत बसले. मी पातेलं तिथंच ठेवून निघून आले.

त्यानंतर दुकानात पुन्हा तो प्रश्न ऐकू येऊ लागला. थोड्या दिवसांनी शिवानंद आला. बराच वेळ उगाच टॉवेल बघत राहिला. शेवटी म्हणाला, "अण्णा, काकांनी परत आणून दिलं ना, ते... मी ऐकलं नव्हतं अजून."

अण्णांनी ते काढून दिलं. फाटलेलं पाकीट त्यांनी पांढऱ्या मांजरपाटाची पट्टी चिकटवून सांधलं होतं. "एकटा ऐकू नको," ते म्हणाले. "आईला बसव शेजारी."

पुढं भाऊ वेगळे झालेच. पण आधी नानांच्या मुलींची लग्नं चांगल्या घरी झाली, मगच वाटणी झाली; कुणी घाई केली नाही, कुणी भांडलंही नाही. हुबळीचं मोठं दुकान नानांकडं राहिलं आणि अण्णा-गोदाक्का कलघटगीला गेले. तिथं त्यांनी छोटं दुकान घेतलं. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा मी निरोप द्यायला गेले होते. रेडिओग्राम ट्रकात मागच्या बाजूला ठेवला होता, आणि खड्ड्यांत आपटू नये म्हणून कडक इस्त्रीतले नाना स्वतः ट्रकवर चढून, त्याला दोन्ही हातांनी कवळून बसले होते. कलघटगीपर्यंत ते तसेच गेले असं मी नंतर ऐकलं.

पुढं माझी बदली कारवारकडं झाली. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. सुट्टी संपवून एकदा मी हुबळीहून परत जात होते आणि बस कलघटगीला थांबली. आठवड्याचा बाजार होता. मिरच्या, दोरखंडं, मडकी, माणसंच माणसं. खिडकीतून बघते तर रस्त्यापलीकडं एक दंतमंजन विकणारा पेटीवर चढून बोलत होता. कृश, घोगऱ्या आवाजाचा. पाय थांबवावा असं त्याच्यात कुणाला काही दिसत नव्हतं. लोक त्याला वळसा घालून चालले होते.

त्याच्यासमोर अण्णा उभे होते. वाळले होते, डोक्यावर टोपी नव्हती, केस पांढरेशुभ्र. हातात अर्धवट फाडलेलं कापड तसंच होतं, म्हणजे गिऱ्हाईक सोडूनच आले असावेत. मी हाक मारली, पण त्या गोंगाटात त्यांना ती कुठली ऐकू येणार? तेवढ्यात डोक्यावर पोतं घेतलेला एक शेतकरी घाईनं त्यांच्याजवळून निघाला. अण्णांनी त्याचं कोपर धरलं.

"केळ्री," ते म्हणाले असणार, ऐका हो. ओठांवरून मला तेवढंच कळलं. शेतकऱ्यानं मान हलवली, पुढं बघितलं. अण्णांनी कोपर सोडलं नाही. पेटीवरच्या माणसाकडं बोट करून त्यांनी पुन्हा काहीतरी सांगितलं, अगदी कळकळीनं, जणू हा माणूस न ऐकता गेला तर त्याचं फार मोठं नुकसान होणार होतं.

कंडक्टरनं घंटी दिली. बस हलली. वळणावर मी मान मागं वळवून बघितलं, तर शेतकऱ्यानं डोक्यावरचं पोतं खाली ठेवलं होतं.